तीन हिवाळे, एक कॅम्पेन: एवढी पुस्तकं, एवढ्या वस्तू कोणासाठी?

पांदणवाट
नमस्कार मंडळी. घाटंजी तालुक्यातल्या एका गावात आम्ही सहा जण डंजन्स अँड ड्रॅगन्स (थोडक्यात डीएनडी) खेळतो. माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात आणि काय जमलं, काय फसलं हे फासे ठरवतात. फासे चार, सहा, आठ, दहा, बारा आणि वीस बाजूंचे असतात.

आमचं खेळणं जागलीवर. हरभऱ्यात रोही आणि रानडुकरं पडतात म्हणून रात्री वावरात जावंच लागतं. थ्री फेज लाइन रात्रीची असली की मोटर पाहायलाही कोणी तरी हवंच. विहिरीजवळच्या खोलीत शेकोटीपाशी बसतो. मी डीएम, म्हणजे गोष्ट सांगणारा. दर तासा-दीड तासानं एक जण बॅटरी घेऊन धुऱ्यावरून चक्कर मारून येतो, तोवर त्याचं पात्र पहाऱ्यावर. पेरणी आली की खेळ बंद, कापसाच्या वेचणीतही बंद.

२०१४ चा स्टार्टर सेट एका मित्रानं हैदराबादहून आणून दिला होता. त्यात हरवलेल्या खाणीची एक मोहीम (कॅम्पेन), म्हणजे सलग चालणारी लांब गोष्ट आहे, चार भागांची. तीन हिवाळे संपले, चौथा सुरू झाला, आणि आम्ही अजून तिसऱ्याच भागात आहोत. तेवढ्यात हा खेळ काढणाऱ्या कंपनीनं नियमांची मूळ तीन पुस्तकं नव्यानं काढलीसुद्धा. खेळाडूंचं सप्टेंबर २०२४ मध्ये, डीएमचं नोव्हेंबरात, राक्षसांचं फेब्रुवारी २०२५ मध्ये. एकेकाची छापील किंमत ४९.९९ डॉलर. लांब धाग्याच्या कापसाचा २०२४-२५ चा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता. त्या हिशेबानं तीन पुस्तकं म्हणजे दीड क्विंटलच्या वर कापूस.

पुस्तकांसोबत टी-शर्ट, मग, मऊ बाहुल्या. आणि एवढं सगळं असून वीस बाजूंचा एक साधा फासा मला यवतमाळलाही मिळाला नाही. आमच्या सहा जणांत तो एकच आहे. त्यावरचा ७ पुसत आला आहे.

मला मनापासून विचारायचं आहे. पुस्तकं इतक्या लवकर लवकर येणं खेळाच्या भल्याचं आहे का? आणि नवी तीन आम्ही घ्यावी की नाही?

चिंचोका
जागलीवर डीएनडी! भाऊ, रोही आला तर फासा टाकता का काठी?

पांदणवाट
काठी. रोह्याला फाशाची भीती नाही.

वऱ्हाडी ठेचा
मी मूळचा अकोटचा, सध्या पुण्यात. पांदणवाट दादा, तुमचं खेळणं वाचून हेवा वाटला, पण मुद्दा पटला नाही.

आमचा गट दर शनिवारी बसतो, वर्षाला चाळीस-पंचेचाळीस सेशन होतात. तुम्हाला तीन हिवाळे पुरलेली मोहीम आम्ही दोन महिन्यांत संपवली. आम्हाला नवं खाद्य लागतंच. २०१५ साली तीन पुस्तकं आली होती, दोन मोहिमा आणि एक प्रदेशाची माहिती. खेळाडूंच्या हाती नवे पर्याय देणारं पहिलं भरीव पुस्तक यायला २०१७ चा नोव्हेंबर उजाडला. तोवर आमच्यातला एक जण तेच ते लढवय्याचं पात्र करून कंटाळला आणि खेळ सोडून गेला. २०२१ मध्ये पाच पुस्तकं आली, तेव्हा आम्ही खूश होतो. सगळी घेतली नाहीत, दोन घेतली. पंगतीत दहा पदार्थ असले म्हणून दहाही ताटात घ्यावेच लागतात असं थोडंच आहे?

संत्राबर्फी
ठेचा दादा, पंगतीत कोणी मागे लागत नाही. इथे मात्र ऑनलाइन गटात गेलं की पहिला प्रश्न येतो, "तुमच्याकडे नवं आहे ना?" नाही म्हटलं की लोक बोलायचेच थांबतात. हे माझ्यासोबत दोनदा झालं. वेग पुस्तकांचा असतो तसा माणसांचाही असतो, आणि मागे राहिलेल्याला तो बरोबर जाणवतो.

वऱ्हाडी ठेचा
हे चुकीचंच झालं, ताई. आमच्या टेबलावर असं कोणी बोललं तर मी त्याला उठवीन.

खारं पाणी
लोणारहून लिहितोय. हा वाद नवा नाही. कंपनीनं तो स्वतःच्या अंगावर एकदा झेलला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा हा खेळ पहिल्यांदा निघाला तेव्हा एका डब्यात तीन पातळ पुस्तिका होत्या. एक हजार प्रती, किंमत दहा डॉलर. कंपनीचं नाव टीएसआर, गाव लेक जिनिव्हा, विस्कॉन्सिन. तेही शेतीवाडीच्याच भागातलं लहान गाव. तिथून वाढत वाढत १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती आली आणि मग जगांची रांग लागली. अवकाशात जहाजं चालवायचं जग, भुताखेतांचं जग, १९९१ मध्ये वाळवंटाचं, १९९२ मध्ये अरबी कथांचं, १९९४ मध्ये स्वर्ग-नरकाच्या दारांचं, १९९५ मध्ये राजघराण्यांचं. प्रत्येक जगाचा वेगळा डबा, वेगळे नकाशे, वेगळ्या मोहिमा.

मी त्यातली काही वाचली आहेत. सुंदर आहेत, त्या लेखकांबद्दल मला आदर आहे. पण घडलं असं की वाळवंटवाला गट भुताखेतांचं पुस्तक घेईना आणि भुताखेतांचा गट अवकाशाचं. खेळणारे तेवढेच, वाटे मात्र आठ-दहा. घरच्या वीस एकरांचे भाऊबंदकीत तुकडे पडले की बैलजोडी प्रत्येकाला लागते आणि परवडत कोणालाच नाही, तसं ते झालं. त्यात दुकानांकडून न खपलेली पुस्तकं परत यायला लागली, त्यांचे पैसे फिरवायची वेळ आली. १९९७ मध्ये टीएसआर विकली गेली. विझार्ड्स ऑफ द कोस्टनं घेतली आणि १९९९ मध्ये विझार्ड्सला हॅस्ब्रोनं घेतलं. पडण्याची कारणं आणखीही होती, पण हे त्यातलं मोठं मानलं जातं.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीनं सावकाश पावलं टाकली ती मला या इतिहासाची आठवण वाटते. त्याआधी चौथ्या आवृत्तीत खेळाडूंचं पहिलं पुस्तक २००८ मध्ये, दुसरं २००९ मध्ये, तिसरं २०१० मध्ये आलं होतं. नवा माणूस दुकानात जाऊन विचारायचा, सुरुवात कुठून करू? पाचव्या आवृत्तीत उत्तर सोपं होतं, हे एक घे. माझ्या मते हा खेळ मागच्या दहा वर्षांत एवढा पसरला त्याचं एक कारण ते सोपं उत्तर आहे.

चिंचोका
भाऊबंदकीचं उदाहरण थेट काळजात गेलं. आमच्याकडे सातबाऱ्यावर अकरा नावं आहेत.

झाडीचा पाहुणा
मी वडशाचा. आमच्याकडची गोष्ट सांगतो जी, पाहा लागू पडते का.

झाडीपट्टीत दिवाळी झाली की नाटकाचा हंगाम सुरू होते. मंडई, शंकरपट, जिथं पाहुणे जमले तिथं रातभर नाटक. वडशाले मंडळ्यांची हापिसं लागतात, गावोगावचे लोक येऊन तारीख पक्की करतात, बयाणा देतात. आता पाहा, मंडळीले दर साली नवीन नाटक आणाच लागते. जुनंच घेऊन आले त गावकरी म्हनतात, हे त मागच्या साली पाह्यलं. म्हनून ठेचाभाऊचं मले पटते. नवं पाह्यजे.

पन नवीन नाटक म्हनजे का? गोष्ट नवी. पेटी तेच वाजवते, तबला तोच, पडदे तेच, विनोदी नटाची जागा तिथंच. प्रेक्षकाले बसून नाटक पाहाले काहीच नवीन शिका लागत नाही. कंपनीनं दर साली दोन नवीन मोहिमा काढल्या त मी टाळ्या वाजवीन. पन दर काही सालानं पेटीचे सूरच बदलले त वाजवनाऱ्यानं का करावं? २००० साली तिसरी आवृत्ती, २००३ मध्ये साडेतीन, २००८ मध्ये चौथी. ते मले खटकते. गोष्टी द्या, नियम राहू द्या.

खारं पाणी
पाहुणे, एवढं नेमकं या विषयावर मी कुठे वाचलं नव्हतं. "गोष्टी द्या, नियम राहू द्या." सहीच.

वऱ्हाडी ठेचा
नियम राहू द्या म्हणता, पण २०१४ च्या नियमांत खरंच खोट होती. रेंजर (रानावनात फिरणारा लढवय्या) कमजोर होता, मंक (नुसत्या हातांनी लढणारा साधू) कमजोर होता. दहा वर्षांनी दुरुस्ती केली तर ती घाई कशी? जुन्या मोहिमा नव्या नियमांवर चालतील हेही त्यांनी सांगितलंच आहे. डागडुजी आणि नवं घर यात फरक आहे.

पांदणवाट
हे बरोबर आहे ठेचा भाऊ. आमच्या रेंजरनं तीन हिवाळ्यांत खूप सोसलं आहे. तो पंपाचा मेकॅनिक आहे, संयमी माणूस. पण परवा म्हणालाच, "मले धनुष्य नको, कुऱ्हाड द्या."

संत्राबर्फी
आता वस्तूंबद्दल. वरूडला राहते, संत्र्याचा बगीचा आहे, आणि फावल्या वेळात मी मिनिएचर म्हणजे इंचभर उंचीच्या मूर्ती करते. तेव्हा माझं मत सरळ सांगते, वस्तू वाईट नाहीत.

या खेळातला आउलबेअर कुठून आला ठाऊक आहे का, घुबडाच्या तोंडाचा अस्वल? गायगॅक्सनं स्वस्तातल्या दुकानातून हाँगकाँगला बनलेली प्लॅस्टिकची विचित्र जनावरं आणली होती. लहान मुलांचं पाकिटातलं खेळणं. ती टेबलावर ठेवायला राक्षस म्हणून वापरली. आउलबेअर, लोखंड खाणारा रस्ट मॉन्स्टर, जमिनीखालून येणारा बुलेट हे त्या पाकिटातून निघाले. म्हणजे वस्तू आधी, नियम नंतर! आपल्या जत्रेत दहा-वीस रुपयांना मिळणारा प्लॅस्टिकचा डायनासोर घेऊन बघा, त्याला काय खायला आवडतं ते पोरांना विचारा. राक्षस तयार.

मी तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल करणाऱ्या एका सुतारकाकांकडून उरलेले सागाचे तुकडे आणते. चाकूनं कोरते, पोस्टर कलरनं रंगवते, वर वार्निश. खेळात एक इंच म्हणजे पाच फूट धरतात, म्हणून तळाला इंचाची चकती. माझ्या गटात पाच बायका आणि एक भाचा आहे. भाच्याची पहिली मूर्ती मी केली तेव्हा तो रात्री ती उशाशी घेऊन झोपला. तो आनंद कंपनीच्या मूर्तीनंही होतोच ना? मग त्याला नावं का ठेवायची?

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. २०२४ मध्ये या खेळाला पन्नास वर्षं झाली. त्या वर्षी लेगोनं ३७४५ तुकड्यांचा लाल ड्रॅगनचा संच काढला, अमेरिकेच्या टपाल खात्यानं तिकिटं काढली. तिकिटं मला फार आवडली, खरंच. पण त्या वर्षात "पहिल्यांदा खेळणाऱ्या गावातल्या मुलीच्या हाती शंभर रुपयांत काय देता येईल" हा विचार मला कुठे दिसला नाही.

काउंटरवरून
वर्धा जिल्ह्यात माझं वह्या-पुस्तकं, खेळण्यांचं दुकान आहे. ताईंनी शंभर रुपयांचा विषय काढला म्हणून लिहितो, कारण दुकानदाराची बाजू कोणी मांडत नाही.

मी असे फासे ठेवून पाहिलेत. एका पुरवठादाराकडून सात-सात फाशांचे वीस संच आणले. एका वर्षात चार गेले. ते चारही एकाच महाविद्यालयातल्या पोरांनी नेले. उरलेले सोळा संच गणितासाठी म्हणून एका शिकवणीवाल्या बाईंना खरेदीच्या भावात दिले. पुस्तकं तर मी ठेवूच शकत नाही. छापील पुस्तकाला जीएसटी नाही, पण बाहेरून येणाऱ्या पुस्तकावर २०१९ पासून पाच टक्के आयात शुल्क आहे, शिवाय वाहतूक. खेळण्यांचं शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. २०२१ पासून खेळण्याला आयएसआय मार्क लागतो. देशी कारागिरासाठी हे धोरण चांगलं आहे, आणि माझ्या दुकानात आता देशी माल जास्त आहे याचा मला आनंद आहे. पण बाहेरच्या थोड्या मालाची जोखीम लहान दुकानदार घेत नाही, हे त्यामागचं साधं कारण.

पुस्तकांच्या वेगाबद्दल माझं म्हणणं ऐका. नवीन आवृत्ती आली की जुनी माझ्या फळीवर मरते. गाइडच्या धंद्यात हे दर वर्षी भोगतो. अभ्यासक्रम बदलला की गठ्ठेच्या गठ्ठे रद्दीत. तिथं निदान गिऱ्हाईक नक्की असतं. इथं चार पोरं.

खडूफळा
काउंटरवरून दादा, ते सोळा संच माझ्या शाळेपर्यंत पोचले असते तर! मी धारणी तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे. माझी मुलं घरी कोरकू बोलतात, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर आम्ही हा खेळ खेळतो, आणि फासा एकही नाही.

सोपं आहे. गोळ्यांच्या रिकाम्या बरणीत १ ते २० आकड्यांच्या वीस चिठ्ठ्या. हलवायची, एक काढायची, वाचायची, परत टाकायची. परत टाकणं महत्त्वाचं, नाही तर पुढच्याची शक्यता बदलते. एका मुलीनं स्वतःहून विचारलं, "सर, परत नाही टाकली तर?" त्या दिवशीचा तास त्या प्रश्नावरच गेला, आणि तिला समजलं की वीस वेळा काढल्यावर कोणाला ना कोणाला एकदा २० मिळणारच. आता संकटात असलेली मुलं "आज परत न टाकता खेळू" म्हणून मागे लागतात.

लुडोचे दोन फासे असतील तरी चालतं. पहिल्यावर ६ आला तर पुन्हा टाका, म्हणजे १ ते ५ मिळतात. दुसऱ्यावर ५ किंवा ६ आला तर पुन्हा, म्हणजे १ ते ४. दुसऱ्यातून एक वजा करा, पाचनं गुणा, पहिला मिळवा. १ ते २० सगळे आकडे सारख्या शक्यतेनं येतात. माझी सहावीची मुलं हे तोंडी करतात.

खारं पाणी
खडूफळा सर, तुमची बरणी थेट या खेळाच्या इतिहासातली आहे! १९७९ च्या सुमाराला फाशांचा एवढा तुटवडा झाला की टीएसआरनं सुरुवातीच्या डब्यात फाशांऐवजी आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडे घातले. कापून पेल्यात टाकायचे आणि न बघता काढायचे. सोबत एक कूपन, नंतर फासे मागवायला. तेही अमेरिकेत, खुद्द कंपनीकडून.

त्याच्याही आधीचे फासे शाळांना साहित्य पुरवणाऱ्या एका कंपनीच्या कॅटलॉगमधून यायचे, शिकवायचं साधन म्हणून. वीस बाजूंच्या फाशावर ० ते ९ हेच आकडे दोनदा असत. मग लोक अर्धे आकडे एका रंगाच्या खडूनं भरत आणि अर्धे दुसऱ्या. एक रंग आला की तोच आकडा, दुसरा आला की त्यात दहा मिळवायचे. पांदणवाट भाऊ, तुमच्या पुसत आलेल्या ७ मध्ये मेणाचा खडू घासा आणि वरचा कपड्यानं पुसून टाका. आकडा उठून दिसेल. तेव्हाचे लोक हेच करत.

पांदणवाट
केलं! भाचीच्या दप्तरातला निळा खडू. ७ आता शेकोटीच्या उजेडातही दिसतो. खारं पाणी दादा, मनापासून आभार.

जागल्या
मी पांदणवाटच्याच गटातला, तो मेकॅनिक रेंजर. खातं आजच उघडलं. मागच्या हिवाळ्यात हाच फासा मचाणावरून खाली पऱ्हाटीत पडला होता. सहा जण बॅटऱ्या घेऊन शोधून राह्यलो होतो. शेजारच्या वावरातले काका धावत आले, त्यांना वाटलं साप निघाला. त्यांना सांगितलं, फासा हाय. तेही शोधू लागले आणि त्यांनाच सापडला. आता ते आमच्या खेळात सरायवाले आहेत. दर सेशनला एकदा येतात, चहा पितात, अफवा सांगतात आणि जातात. अफवा ते खऱ्याच सांगतात, गावातल्या, डीएम त्या खेळात बसवतो.

चिंचोका
सरायवाले काका हे या धाग्यातलं सगळ्यात भारी पात्र आहे.

झाडीचा पाहुणा
एक विचारतो. डीएम डीएम का म्हनता? आपल्याकडं सूत्रधार हाय ना. दंडारीत, नाटकात गोष्ट पुढं नेनारा कोनी तरी असतेच.

संत्राबर्फी
आमच्या गटात "सांगणारी" म्हणतात. माझी जाऊ म्हणते, आज सांगणारी कोण?

खडूफळा
मुलं मला सरच म्हणतात. ड्रॅगनचा आवाज काढला तरी "सर, ड्रॅगन काय म्हणाला?"

वऱ्हाडी ठेचा
सूत्रधार मस्त आहे. उद्यापासून आमच्याकडे तेच.

मोहिमांवरून आठवलं. मी सध्या गाविलगडावर एक मोहीम लिहितोय. लहानपणी चिखलदऱ्याला गेलो की वडील गडावर नेत. दरवाजावर गंडभेरुंड कोरलेला आहे, दोन तोंडांचा पक्षी. हा राक्षस कोणाच्या पुस्तकातून घ्यायची गरज नाही, आपल्या दगडात तो कधीचा बसलाय. आणि १५ डिसेंबर १८०३ ला वेलस्लीच्या फौजेनं गड घेतला, त्याच्या आदल्या रात्री गडात अडकलेली चार माणसं, अशी सुरुवात. हे लिहायला लागल्यापासून मला नवीन पुस्तकांची भूक कमी झाली आहे, हे प्रामाणिकपणे कबूल करतो. पण एवढं लिहायला मी शिकलो ते त्यांच्या दहा-बारा मोहिमा चालवूनच.

खारं पाणी
लिहाच. आणि झालं की इथे टाका. मी लोणारचं सरोवर धरून बसलोय. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं, ते मी काठावर उभं राहून पाहिलंय. शास्त्रज्ञांनी खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांचं कारण सांगितलं आणि ते खरं आहे. पण गोष्टीत त्या रात्री तळाशी काही तरी जागं झालं होतं.

खडूफळा
मूळ प्रश्नाकडे यायच्या आधी भाषेचा मुद्दा मांडतो, माझ्या मते तो वेग आणि वस्तू दोन्हींपेक्षा मोठा आहे. माझ्या मुलांना इंग्रजी पुस्तक वाचता येत नाही. मीच आदल्या रात्री वाचतो आणि दुसऱ्या दिवशी मराठीत सांगतो. पाच नवी पुस्तकं आली काय आणि पन्नास आली काय, त्यांच्यासाठी सगळी बंदच.

पण एक दार उघडं आहे. इतरांना या खेळाचे नियम वापरू देणारा एक परवाना होता, जानेवारी २०२३ मध्ये त्याचे नियम बदलायचा कंपनीचा विचार बाहेर आला आणि जगभरचे खेळाडू खवळले. शेवटी त्याच महिन्याच्या २७ तारखेला कंपनीनं मूळ नियमांचा मोठा भाग, एसआरडी ५.१, क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्यात मोकळा केला. चारशे पानांच्या वर. २०२५ मध्ये नव्या नियमांचा, एसआरडी ५.२, तसाच मोकळा झाला. त्याचं भाषांतर करता येतं, छापता येतं, विकताही येतं, फक्त मूळ श्रेय द्यायचं. परवानगी मागायला कोणाच्या दारात जावं लागत नाही.

मी वीस पानं केली आहेत. 'सेव्हिंग थ्रो'ला "बचाव" म्हटलं, 'आर्मर क्लास'ला "ढाल-आकडा". 'इनिशिएटिव्ह'ला शब्द सापडला नाही.

झाडीचा पाहुणा
"पाळी" म्हना की सर. पाळी कोनाची आधी. पाण्याच्या पाळीसारखी.

खडूफळा
पाळी! झालं. धन्यवाद पाहुणे.

संत्राबर्फी
मी लढाईची पानं घेते. चित्रंही काढीन.

काउंटरवरून
सोळा पानांची पुस्तिका झाली तर माझ्याकडे झेरॉक्सच्या खर्चात काढून देतो. सोबत वीस चिठ्ठ्यांचा एक छापील पुठ्ठा. तीस रुपयांच्या आत बसेल असं वाटतं. ही वस्तू मी दुकानात खुशीनं ठेवीन. नाही खपली तर मुलांना वाटून टाकीन.

वऱ्हाडी ठेचा
मी तपासायला आहे. आणि पांदणवाट दादा, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला अजून कोणी नीट उत्तर दिलं नाही, म्हणून देतो. पुस्तकं भरपूर घेणारा माणूस म्हणून सांगतोय, तुम्ही तीन घेऊ नका. मोहीम मधूनच नव्या नियमांवर नेऊ नका, ज्यात आहात त्यातच खाण संपवा. रेंजरचा त्रास असेल तर एसआरडी ५.२ मधला रेंजर फुकट उतरवून घ्या आणि तेवढाच बदला, खेळ मोडत नाही. पुढची मोहीम सुरू करताना वाटलंच तर सहा जणांत मिळून खेळाडूंचं एकच पुस्तक. राक्षसांचं तर अजिबात नको, तुमच्याकडे सरायवाले काका आहेत.

वेगाबद्दल मी अजून तुमच्याशी पूर्ण सहमत नाही. पण संत्राबर्फी ताईंचं वाक्य तीन दिवस डोक्यात आहे. आमच्या गटाच्या जाहिरातीत "नवीन पुस्तक हवं" असं लिहिलं होतं. ते काल काढून टाकलं.

संत्राबर्फी
दादा, हे वाचून फार बरं वाटलं.

पांदणवाट
काल रात्री खोलीत सगळ्यांसमोर हा धागा वाचून दाखवला. मोबाइलला रेंज फक्त विहिरीच्या काठड्यावर येते, म्हणून मी तिथं उभा राहून वाचत होतो आणि पाच जण आणि काका खाली बसून ऐकत होते. झाडीच्या पाहुण्यांची पेटी आणि पडद्याची गोष्ट काकांनी दोनदा वाचायला लावली.

ठरलं असं. पुस्तकं घेणार नाही. रेंजर नवा, बाकी सगळं जुनं. दर सेशनला डब्यात वीस-वीस रुपये टाकतो, त्यात चार महिन्यांत फाशांचा एक संच येईल. एकच वीस बाजूंचा फासा हातोहात फिरवताना खेळ अडतो, ती आमची खरी नड आहे. भाषांतरातली जादूच्या मंत्रांची पहिली दहा पानं आम्हाला द्या. आमचा जादूगार कृषी केंद्रात कामाला आहे, त्याला फवारणीचं प्रमाण समजावायची सवय आहे, तो ते सोप्या भाषेत मांडेल.

आणि खाणीच्या तिसऱ्या भागातला पडका किल्ला काल संपला. जागल्यानं २० टाकला.

जागल्या
नव्या रेंजरनं नाही हां. जुन्यानंच.

खडूफळा
अभिनंदन जागल्या भाऊ. मंत्रांची पानं उद्या पाठवतो. 'फायरबॉल'ला काय म्हणावं ते काकांना विचारून ठेवा.

पांदणवाट
विचारलं. काका म्हणाले, "जाळगोळा."